मालक बदलला म्हणून मार्शलचा आवाज बदलतो का?

ऐरोलीच्या एका मुलाने विचारलंय, "दादा, मार्शल आता चायनीज कंपनीने घेतली असं वाचलं. मी त्यांच्या डीएसएल ४० या गिटार ॲम्पसाठी पैसे जमवलेत, पण बँडमधले सिनियर म्हणतायत की मार्शल संपली, घ्यायचा तर जुना इंग्लंडमध्ये बनलेलाच घे. काय करू?"

आधी सरळ उत्तर देतो. घ्यायचा असेल तर नवीन बिनधास्त घे, मालक बदलला म्हणून थांबू नको. आणि जुना घ्यायचा असेल तर तोही घे, पण "इंग्लंडचा आहे" एवढ्यावर घेऊ नको. मी ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये ॲम्प रिपेअर करतो, सुरुवात ऑर्केस्ट्रावाल्यांच्या आणि हळदीत वाजवणाऱ्या पार्ट्यांच्या ट्रान्झिस्टर ॲम्पपासून झाली, नंतर व्हॉल्व्हवाले, म्हणजे काचेच्या नळ्यांवर चालणाऱ्या ॲम्पवाले, यायला लागले आणि आता जास्त काम त्यांचंच असतं. गिटारवाले पोरं टेबलासमोर उभी राहून जे बोलतात ते सगळं कानावर पडतं, आणि गेल्या दोनतीन वर्षांत सगळ्यात जास्त चर्चा याच विषयावर झाली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

काय झालं ते आधी नीट समजून घे कारण अर्धवट बातम्या खूप फिरतायत. मार्शलचे हेडफोन आणि ब्लूटूथ स्पीकर आपण मॉलमध्ये बघतो ते २०१० पासून मार्शल स्वतः बनवतच नव्हती, स्टॉकहोमची झाउंड इंडस्ट्रीज नावाची कंपनी मार्शलच्या नावाचं लायसन्स घेऊन बनवत होती. तो धंदा एवढा वाढला की २०२३ मध्ये झाउंडनेच मूळ ॲम्प कंपनी घेतली आणि दोन्ही मिळून मार्शल ग्रुप झाला. मार्शल कुटुंबाला त्यात जवळपास २४ टक्के हिस्सा मिळाला. मग जानेवारी २०२५ मध्ये, म्हणजे आपल्या नेरुळच्या डी वाय पाटील स्टेडियमला कोल्डप्ले झालं त्याच महिन्यात, हाँगशान नावाच्या चिनी इन्व्हेस्टमेंट फंडाने ग्रुपचा मोठा हिस्सा घेतला, किंमत लावली १.१ अब्ज युरो. हा फंड म्हणजे पूर्वीचा सिकोया चायना. कुटुंबाकडे अजून वीस टक्क्यांच्या वर हिस्सा आहे. म्हणजे तुझ्या सिनियरांची बातमी खोटी नाही, फक्त त्यांनी त्यावरून काढलेला अर्थ मला पटत नाही.

"मार्शल संपली" हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकत नाहीये. २०१२ ला जिम मार्शल गेले तेव्हा ऐकलं, त्याच सुमारास डीएसएल व्हिएतनाममध्ये बनायला लागला तेव्हा ऐकलं, २०२३ ला ऐकलं आणि आता परत ऐकतोय. बोलणाऱ्यांचं प्रेम खरं आहे हे मला कळतं, ज्या आवाजावर माणूस लहानाचा मोठा झाला त्याचं नाव असं हातोहात विकलं गेलं की वाईट वाटणारच, मलाही वाटलं. पण तो आवाज मुळात आला कुठून हे बघितलं तर चित्र वेगळं दिसतं.

जिम मार्शल मूळचे ड्रमर, ड्रम शिकवायचे, आणि लंडनच्या हॅनवेल भागात त्यांचं वाद्यांचं दुकान होतं. दुकानात येणारी गिटारवाली मुलं अमेरिकन ॲम्प मागायची आणि ते इंग्लंडमध्ये महाग पडायचे. म्हणून १९६२ च्या सुमारास दुकानातला रिपेअरवाला केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन नावाचा एक तरुण इंजिनियर यांनी फेंडर या अमेरिकन कंपनीच्या बासमॅन ॲम्पचं सर्किट जवळपास जसंच्या तसं घेऊन जेटीएम ४५ हा मार्शलचा पहिला ॲम्प बनवला. सर्किट तेच, पण अमेरिकन पार्ट मिळायला त्रास, म्हणून जे इंग्लंडमध्ये हाताशी होतं ते टाकलं. आउटपुटला पुढे केटी६६ व्हॉल्व्ह आले, पहिल्या स्टेजला बारा-एवाय-सातच्या जागी ईसीसी८३ आला ज्याचा गेन, म्हणजे सिग्नल मोठा करायची ताकद, जास्त, ट्रान्सफॉर्मर इंग्लिश, आणि जेन्सनच्या जागी सेलेशनचे स्पीकर बंद खोक्यात. नंतर केटी६६ जाऊन ईएल३४ आले. ज्याला आपण आज मार्शलचा आवाज म्हणतो तो या बदलांमधून तयार झालाय. स्वस्त काय, जवळ काय मिळतं, यातून. म्हणून जेव्हा कोणी म्हणतं की खर्चाचा विचार शिरला की आवाज मरतो, तेव्हा मला ते मान्य होत नाही, खर्चाचा विचार पहिल्या दिवसापासून होता.

आता आतल्या बदलांचं बघू, कारण माझं सगळं काम आतलंच आहे. सत्तरीच्या सुरुवातीपर्यंत मार्शल हाताने वायर केलेले असायचे, टर्रेट बोर्डावर एकेक रेझिस्टन्स आणि कंडेन्सर वाकवून लावलेला. १९७३-७४ मध्ये ते पीसीबीवर, म्हणजे छापील सर्किट बोर्डावर गेले. तेव्हा मालक कोण? स्वतः जिम. नव्वदीत जेसीएम ९०० आला, त्याच्या ड्युअल रिव्हर्बमध्ये डिस्टॉर्शनसाठी डायोड वापरले, बऱ्याच गिटारवाल्यांना ते आजही आवडत नाही. मालक जिमच. त्याच काळात चांगले ईएल३४ मिळेनात म्हणून पॉवर सेक्शनला ५८८१ टाकून ॲम्प बाहेर पडले, तेव्हाही जिमच. पुढे जेसीएम २०००, त्यातल्या काही बोर्डांवर गरम झाल्यावर बायस, म्हणजे व्हॉल्व्हमधून किती करंट जायचा त्याचं सेटिंग, सरकतो, हे जगभरच्या टेक्निशियन लोकांना माहीत आहे आणि त्याचा इलाजही माहीत आहे. तोही इंग्लंडमध्येच बनलेला, आणि "फक्त इंग्लंडचा घे" असं ऐकून कोणी नेमका तोच घेतला आणि बायस बघितलाच नाही तर? व्हिएतनामला प्रॉडक्शन गेलं तेही कुटुंबाच्या काळात. म्हणजे आवाजात आणि बांधणीत जे मोठे बदल झाले ते विक्रीच्या तारखांना झालेलेच नाहीत.

उलट एक बघ. जेसीएम ८००, ज्याच्यासाठी लोक आज वाटेल ती किंमत मोजतात, तो १९८१ ला आला कारण रोज-मॉरिस या डिस्ट्रिब्युटरबरोबरचं पंधरा वर्षांचं काँट्रॅक्ट तेव्हा संपलं आणि जिमना नव्या नावाने रेंज आणायची होती. आत सर्किट बरंचसं आधीच्या मास्टर व्हॉल्यूमवाल्या मॉडेलचंच होतं जे १९७५ पासून विकत होते. नाव मिळालं त्यांच्या गाडीच्या नंबर प्लेटवरून. या काँट्रॅक्टच्या भानगडीतूनच आधी पार्क नावाचे ॲम्प पण निघाले होते, तेच कारखान्यातले, फक्त नाव दुसरं लावून, म्हणजे डिस्ट्रिब्युटरला मध्ये न घेता विकता यावेत. त्यामुळे धंद्याचे निर्णय आणि आवाज यांचं नातं आपल्याला वाटतं तेवढं सरळ नाही.

फेंडरचं उदाहरण सगळे देतात आणि ते द्यायलाच पाहिजे. १९६५ च्या जानेवारीत सीबीएसने फेंडर घेतली, १.३ कोटी डॉलरला, आणि पुढची वीस वर्षं गिटारवाले शिव्या घालत राहिले. पण ॲम्पच्या बाबतीत काय झालं ते टप्प्याटप्प्याने बघ. विक्रीनंतर दोनतीन वर्षं तेच काळ्या पॅनेलचे ब्लॅकफेस ॲम्प निघत होते. चंदेरी पॅनेलचे सिल्व्हरफेस आले १९६७-६८ ला, बायसचं सर्किट बदललं, काही ठिकाणी जास्तीचे कंडेन्सर आले, पण ते सगळं परत फिरवता येतं आणि टेक्निशियन लोक आजही ते करून देतात. खरा फरक पडला १९७७ च्या आसपास, ट्विन रिव्हर्ब १३५ वॅटचा झाला, अल्ट्रालिनियर ट्रान्सफॉर्मर आला, तो आवाज कडक आणि वेगळाच. म्हणजे विकल्यापासून बारा वर्षांनी. घर विकलं म्हणून विहिरीचं पाणी दुसऱ्या दिवशी बदलत नाही, आणि बदललं तरी कधी बदललं ते विक्रीच्या कागदावरून कळत नाही, पाणी चाखूनच कळतं. १९८५ ला फेंडरच्याच लोकांनी कंपनी परत घेतली, आणि आज अडुसष्ट-सत्तरचे सिल्व्हरफेस लोक शोधत फिरतात.

व्हॉक्स या इंग्लिश ॲम्प कंपनीचं तर अजून जास्त. मूळ मालक टॉम जेनिंग्जच्या हातातून ती कंपनी साठच्या दशकातच गेली, मग हिच्याकडून तिच्याकडे फिरत १९९२ ला जपानच्या कॉर्गकडे आली, आणि अलीकडच्या काळात त्यांचे एसी३० ॲम्प चीन-व्हिएतनाममध्ये बनलेत. २०१९ च्या डिसेंबरला यू-टू डी वाय पाटीलला आले होते, त्यांचा गिटारिस्ट एज एसी३० साठीच ओळखला जातो आणि त्याचा लाडका १९६४ चा आहे. पण त्या कॉन्सर्टनंतर ज्या पोरांनी एसी३० घेतले त्यांचे नवीन आहेत, त्यांनी वाजवलं की लगेच व्हॉक्स म्हणून ओळखू येतो. मेसा बूगी २०२१ ला गिब्सनने घेतली, ॲम्पेग २०१८ ला यामाहाने. या धंद्यात मूळ माणसाच्या घरात राहिलेली मोठी कंपनी शोधायला गेलं तर फार थोडी नावं निघतील.

आणि चायनीज शब्दाची जी भीती आहे त्याबद्दल एकच सांगतो. मार्शलच्या आवाजाचा निम्मा भाग स्पीकर आहे, हे मी माझ्या टेबलावर रोज अनुभवतो, एकाच हेडला, म्हणजे स्पीकर नसलेल्या ॲम्पला, स्पीकरचे दोन वेगळे कॅबिनेट लावले की दोन वेगळे ॲम्प वाटतात. आणि सेलेशन १९९२ पासून हाँगकाँगच्या गोल्ड पीक ग्रुपकडे आहे. आज कॅबिनेटमध्ये येणारे बहुतेक ग्रीनबॅक आणि व्हिंटेज ३० हे सेलेशनचे स्पीकर चीनमध्ये बनतात, आणि हे आजचं नाही, खूप वर्षांपासून. व्हॉल्व्हचंही तसंच. ज्या इंग्लंडच्या मुलार्ड व्हॉल्व्हचं नाव घेऊन लोक हळवे होतात तो ब्लॅकबर्नचा कारखाना कधीच बंद झाला. आजचा ईएल३४ घेतलास तर तो स्लोव्हाकियाच्या जेजेचा असेल, रशियाच्या साराटोव्हचा असेल नाहीतर चीनचा. २०२२ ला युक्रेनचं युद्ध सुरू झालं तेव्हा रशियन व्हॉल्व्ह अडकले, भाव वाढले, माझ्याकडे मॅच्ड क्वॉडसाठी, म्हणजे जुळणाऱ्या चार व्हॉल्व्हच्या सेटसाठी, लोक थांबून राहिले होते. मार्शलचा मालक कोणी असता तरी हेच झालं असतं. त्यामुळे मालकाच्या पासपोर्टपेक्षा साराटोव्हमध्ये काय चाललंय याचा तुझ्या ॲम्पवर जास्त परिणाम होतो.

मग काळजी करण्यासारखं काहीच नाही का? आहे, पण ते दुसरीकडे आहे. या ग्रुपचा बहुतेक धंदा आता हेडफोन आणि घरगुती स्पीकरचा आहे, गिटार ॲम्प हा त्यातला छोटा भाग. नावाला जी इज्जत आहे ती ॲम्पमुळे आहे, पण पैसा दुसरीकडून येतो. दुसरं म्हणजे फंड हा फंड असतो, तो चिनी असो नाहीतर अमेरिकन. हे लोक कंपनी वाढवायला आणि काही वर्षांनी नफ्यात विकायला घेतात. त्यामुळे माझा प्रश्न "चिनी आहेत" हा नाही, माझा प्रश्न असा आहे की काही वर्षांनी पुढचा मालक जेव्हा हिशोबाची वही उघडेल आणि ब्लेचलीच्या कारखान्याचा खर्च बघेल तेव्हा तो काय म्हणेल. ब्लेचली म्हणजे मिल्टन कीन्सचं गाव, साठच्या दशकाच्या शेवटापासून मार्शल तिथेच आहे आणि वरच्या किमतीचे ॲम्प आजही तिथे बनतात. आतापर्यंत तरी चित्र वाईट नाही. झाउंडने घेतल्यावर त्याच वर्षी गव्हनर, ब्लूजब्रेकर, ड्राइव्हमास्टर आणि श्रेडमास्टर हे जुने पेडल परत आणले आणि ते ब्लेचलीलाच बनवले, स्वस्तात बाहेरून बनवून घेणं सहज शक्य असताना. मला ते फार आवडलं. पण हे असंच चालू राहील की नाही हे तिथे काय बनतंय त्यावरून दरवर्षी बघत राहायचं.

माझ्यासारख्या रिपेअरवाल्यासाठी आणि तुझ्यासारख्या वापरणाऱ्यासाठी खरा मुद्दा स्पेअरचा आहे. कंपनीचं लक्ष हेडफोनकडे गेलं तर पहिला फटका आवाजाला बसत नाही, स्पेअरला बसतो. आणि इथे ॲम्पच्या प्रकारावर सगळं अवलंबून आहे. समजा तुझ्याकडे दोन ईएल३४ आणि चार ईसीसी८३ वाला डीएसएल ४० आहे. वीस वर्षांनी कंपनी राहिली नाही तरी व्हॉल्व्ह, कंडेन्सर, रेझिस्टन्स, पॉट, जॅक हे सगळं बाजारात मिळतं, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात गेलं की निम्मं काम होतं, ट्रान्सफॉर्मर जळला तर गुंडाळून मिळतो किंवा त्याच मापाचा मागवता येतो. पण मॉडेलिंगवाला, म्हणजे दुसऱ्या ॲम्पच्या आवाजाची नक्कल करणारा डिजिटल ॲम्प असेल आणि त्याचा प्रोसेसरचा बोर्ड गेला, आणि कंपनीने तो बोर्ड बंद केलेला असला, तर मी काहीच करू शकत नाही. असे ॲम्प माझ्याकडे येतात आणि मी नाइलाजाने परत पाठवतो, तेव्हा फार वाईट वाटतं कारण बाकी सगळं त्यात धडधाकट असतं. म्हणून मालक बदलल्याची ज्याला खरंच भीती वाटते त्याने व्हॉल्व्ह ॲम्पला नाही, डिजिटलला घाबरावं.

तुमच्या बँडमधले जे प्लगइन आणि मॉडेलरवर वाजवतात ते म्हणतील आम्हाला काय फरक पडतो. स्टेजवर त्यांचं काम होतंय, ऐरोलीहून ट्रेनने वीसबावीस किलोचा ॲम्प नेण्यापेक्षा पाठीवर बॅग बरी, ते मला पटतं. फक्त त्यांच्या मॉडेलरमध्ये जो "ब्रिटिश ८००" म्हणून आवाज आहे तो कुठल्यातरी खऱ्या ॲम्पवरून घेतलेला आहे, आणि तो खरा ॲम्प दुरुस्त होऊन चालत राहिला पाहिजे एवढंच माझं म्हणणं.

आता तुझ्या खरेदीवर येतो. डीएसएल ४० चांगला आहे, हाफ पॉवरला वीस वॅट होतो. पण तू सोसायटीत राहतोस ना, वीस वॅट व्हॉल्व्ह म्हणजे फ्लॅटमध्ये प्रचंड मोठा आवाज, आणि मास्टर व्हॉल्यूम अगदी एकवर ठेवून वाजवला तर पॉवर सेक्शन जागाच होत नाही, मग पैसे घालून उपयोग काय. घरी जास्त आणि गिग कमी असेल तर डीएसएल २० बघ, तो दहा वॅटवरही येतो, उचलायलाही हलका. महिन्यातून एखादा गिग माइक लावूनच होणार असेल तर तोसुद्धा पुरतो. इथल्या डीलरकडून बिलावर घे, बाहेरून कोणाच्या सामानातून आणलेला स्वस्त पडला तरी वॉरंटी इथे चालणार नाही.

सिनियरांचं ऐकून जुनाच घ्यायचा ठरवलास तर एवढं नक्की बघ. आपण सगळे खाडीच्या काठावर राहतो, ठाणे काय, ऐरोली काय, वाशी काय, हवेत ओल आणि खार दोन्ही. जुना मार्शल मागून उघडला की मी आधी नाक जवळ नेतो, कुबट वास आला की समजायचं पावसाळे बंद खोलीत काढलेत. मग व्हॉल्व्ह उपसून सॉकेटच्या आत टॉर्च मारायचा, क्लिपवर हिरवट काळपट थर दिसला तर तिथे कॉन्टॅक्ट ढिला आहे, बायस स्थिर राहणार नाही आणि व्हॉल्व्ह लाल होईल. मोठे फिल्टर कंडेन्सर, ते पन्नास-पन्नासवाले डबे, वरून फुगलेत का, बुडाशी सुकलेला चिकट द्रव आहे का बघायचं, मूळचे असतील तर बदलायचा खर्च किमतीत धरूनच बोलणी करायची. फ्यूज काढून त्यावरचा आकडा वाच आणि मागच्या पॅनेलवर छापलेला वाच, कोणी जास्तीचा घातलेला असेल तर ट्रान्सफॉर्मरवर विश्वास ठेवू नको. आणि ट्रान्सफॉर्मर मूळचे आहेत का ते विचार, ड्रेक किंवा डॅग्नॉलचे शिक्के असतात, जुन्या मार्शलची निम्मी किंमत तिथेच आहे.

विकणाऱ्याने "चालू करून दाखवतो" म्हटलं तर आधी स्पीकर लावलाय ना ते स्वतः बघ, ओहमचा सिलेक्टर कॅबिनेटशी जुळतोय ना तेही बघ, व्हॉल्व्ह ॲम्प स्पीकरशिवाय वाजवला की आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो. निदान अर्धा तास चालू ठेवायला लाव. थंड असताना सगळेच बरे वाजतात, गरम झाल्यावर हम वाढतो का, आवाज खाली बसतो का ते कळतं. स्वतः चेसिस उघडून आत हात घालू नको, प्लग काढल्यावरही आत चारशेच्या वर व्होल्ट साठलेले राहतात, जीव जाऊ शकतो.

नवा घे नाहीतर जुना, घरातलं अर्थिंग तपासून घे, हे कोणीच करत नाही. जुन्या बिल्डिंगमध्ये तीन पिनचं सॉकेट असतं पण मागे अर्थची वायरच नसते, मग गिटारच्या तारेला हात लागला की झिणझिण्या येतात आणि लोक ॲम्पला दोष देतात. इलेक्ट्रिशियनला न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज मोजायला सांग, आकडा दोनतीनच्या वर असला तर आधी ते नीट करून घे. आणि एखादा जेसीएम तुला कुठे मिळालाच तर पैसे देण्याआधी मागच्या पॅनेलचा, सिरियल नंबरचा आणि विकणारा उघडून द्यायला तयार असेल तर ट्रान्सफॉर्मरच्या शिक्क्यांचा फोटो मला पाठव, बघून सांगतो.